पंचवीस हजारांत सहा गाणी: द्यावीत की ठेवावीत?

कवठेमहांकाळकडच्या एका तरुण गायकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: सहा गाणी रेकॉर्ड होऊन तयार आहेत. तीन तुकोबांचे अभंग, चाली स्वतःच्या. दोन गाणी मित्राने लिहिलेली, चाली यांच्याच. सहावं देवलांचं एक नाट्यपद. एका कंपनीने सहा गाण्यांचे मिळून २५ हजार देऊ केलेत, 'सर्व हक्कांसह'. घरचे म्हणतात, आले तेवढे घे. मित्र म्हणतो, आपणच स्पॉटिफाय-यूट्यूबवर टाकू. कुणाचं ऐकावं, आणि स्वतः टाकलं तर पैसे नेमके येतात कुठून?

मी मिरजेत छोटा स्टुडिओ चालवतो. त्याआधी कॅसेटवाल्यांसाठी चाली लावायचो. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी स्टुडिओच्या पायरीवर चहा पिताना निघतोच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगतो: आहे त्या कागदावर सही करू नका. पण 'नेटवर टाकलं की पैसे सुरू' हे मित्राचं म्हणणंही डोक्यातून काढा. दोघंही अर्धं बरोबर आहेत आणि अर्ध्याने माणूस बुडतो.

तुम्ही द्राक्षाच्या पट्ट्यातले, तेव्हा तुमच्याच भाषेत बोलतो. माल व्यापाऱ्याला उक्ता दिला तरी वेल आपले राहतात. पुढची खरड छाटणी आपणच करतो, पुढचा दर आपणच बघतो. 'सर्व हक्क, कायमचे' याचा अर्थ वेलींसकट जमीन लिहून देणं, तेही एका हंगामाच्या भावात. मी दिलेली आहे. कॅसेट संपून सीडी आली त्या सुमाराला आठ गाणी आठ हजारांना दिली. कागद वाचला नाही, कारण पैसे रोख होते आणि घरी गणपती होते. काही वर्षांनी जतच्या पाहुण्यांना फोन लावला तर कॉलर ट्यून म्हणून माझीच चाल कानात. पाहुणे फोन उचलेपर्यंत मी ती पूर्ण ऐकली. त्या कॉलर ट्यूनचा एक रुपयाही मला मिळायचा नव्हता आणि तक्रार करायला तोंडही नव्हतं. सही माझीच होती.

एका गाण्यात किती मालक असतात

गाणं म्हणजे एक वस्तू नव्हे. शब्द वेगळे, चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. तिन्हींचे मालक वेगळे असू शकतात. गाणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क आणखी निराळा. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि २०१२ साली त्यात झालेली दुरुस्ती तुमच्या-माझ्यासारख्यांच्या बाजूची आहे. ती बहुतेकांना माहीतच नसते.

तिच्यातलं कामाचं एवढंच. गीतकाराने आणि संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याच्या पैशातला, समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (गीतकार-संगीतकारांसाठी हे पैसे गोळा करणारी संस्था) देता येतो, कंपनीला नाही. म्हणजे 'यापुढे कसलीही रॉयल्टी मागणार नाही' असं वाक्य कागदावर असलं तरी शब्द आणि चाल यांपुरतं ते टिकत नाही. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात आणि किती मोबदला हे लिहिलेलं हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. आणि कंपनीने हक्क घेऊन वर्षभरात काहीच केलं नाही तर ते हक्क सुटतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणून तर कंपन्यांच्या कागदात मुद्दाम 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असं लिहिलेलं सापडतं. विश्वात! तुमचा अभंग चंद्रावर वाजला तरी पैसे त्यांचे.

आता रेकॉर्डिंगची मालकी. इथे पोरं फसतात. कायद्याच्या नजरेत रेकॉर्डिंगचा पहिला मालक 'निर्माता', म्हणजे ज्याने ते रेकॉर्डिंग घडवून आणलं, जबाबदारी आणि खर्च उचलला तो. गाणारा नव्हे. तुम्ही पैसे भरून रेकॉर्ड केलं असेल तर निर्माता तुम्ही. पण एखाद्या स्टुडिओवाल्याने 'तुझा आवाज आवडला, फुकट करून देतो' म्हटलं असेल तर उद्या तो 'निर्माता मी' असं म्हणू शकतो, आणि ते सगळंच चुकीचं ठरेल असं नाही. मी स्वतः स्टुडिओवाला आहे, तरी सांगतो: बिल घ्या. बिलावर तुमचं नाव, गाण्यांची नावं आणि 'मास्टरसह सर्व हक्क ग्राहकाचे' ही एक ओळ. मास्टर म्हणजे गाण्याचं शेवटचं, तयार रेकॉर्डिंग. मिक्स झाल्यावर, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवून झाल्यावर, वेव्ह फाइल (न दाबलेली, पूर्ण दर्जाची) आणि सगळे सुटे ट्रॅक, म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, हार्ड डिस्कवर घेऊन जा. आमच्या धंद्यात कॉम्प्युटर बसतात, पावसाळ्यात तर हमखास.

पखवाजवाला, टाळवाला, पेटीवाला यांना मानधन देताना साध्या कागदावर पावती घ्या: अमुक गाण्यासाठी वाजवलं, इतके मिळाले, गाणं प्रकाशित करायला हरकत नाही. पखवाजवाला तुमच्या आत्याचा मुलगा असला तरी घ्या. नातेवाइकांकडून तर आधी घ्या.

आणि मित्र. दोन गाण्यांचे शब्द त्याचे आहेत. आज तुम्ही एका गाडीवर दोघं फिरता, म्हणून आजच लिहायचं: शब्दांचा वाटा त्याचा, चालीचा तुमचा, रेकॉर्डिंगच्या उत्पन्नातला त्याचा हिस्सा इतका, त्यातून आधी खर्च वळता होणार की नाही ते. माझ्या एका जुन्या गीतकार मित्राशी असं काही लिहिलं नव्हतं. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी विचारलं तेव्हा मला आकडा सांगता येईना आणि त्यांना तो पटेना. आजही त्या घरी मी फक्त दिवाळीला जातो.

अभंगांचं सोपं आहे. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, चाल तुमची. गीतकार म्हणून संत तुकाराम असंच लिहा. काही जण तिथेही स्वतःचं नाव टाकतात, त्याला काय म्हणावं. नाट्यपदाचं म्हणाल तर देवल आपल्या हरिपूरचे, १९१६ साली गेले. कवीच्या निधनानंतर ६० वर्षांनी शब्द मोकळे होतात, म्हणजे ते कधीच झाले. पण दोन गोष्टी तपासा. तुम्ही म्हणता ती चाल मूळची आहे की नंतर कुणी नव्याने बांधलेली? आणि मागचं संगीत तुम्ही वाजवून घेतलंय की यूट्यूबवरून उतरवलेल्या कराओकेवर गायलाय? कराओके असेल तर ते पद बाजूला ठेवा, कारण ते कुणाचं तरी रेकॉर्डिंग आहे. सिनेमाची गाणी गाऊन टाकायचा विचार असेल तर तूर्त नको. परवानगीचा तो वेगळा घोळ आहे.

कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही. गाणं निर्माण झालं की हक्क आपोआप येतो. तरी भांडण झालं तर नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. चालीसाठी फी ५०० रुपये, रेकॉर्डिंगसाठी २०००. सहाही गाण्यांची करू नका, जे चालेल त्याची करा.

दुकानात माल पोचवायचा कसा

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, गाना यांच्याकडे आपण थेट जात नाही. मध्ये वितरक लागतो. त्यांचे प्रकार ढोबळ तीन. डिस्ट्रोकिडसारखे वर्षाची फी घेतात, पाहिजे तेवढी गाणी टाका, उत्पन्नात हिस्सा नाही. सीडी बेबीसारखे एकदाच फी घेतात आणि उत्पन्नातले ९ टक्के कापतात. तिसरे फुकट चढवतात आणि मोठा हिस्सा घेतात. आपल्याकडचे बरेच या प्रकारातले.

वार्षिक फीवाल्यात एक मेख आहे. फी थांबली की गाणी उतरतात. ती कायम ठेवायचे पैसे वेगळे असतात. वर्षाला चार-पाच गाणी नेमाने काढणार असाल तर हा प्रकार स्वस्त. एकदाच सहा गाणी टाकून पुढची दोन वर्षं बागेत घालवणार असाल तर एकदाच फीवाला बरा. फुकटवाल्याकडे जाण्याआधी दोनच गोष्टी विचारा: सोडून जायचं असेल तर किती दिवसांची नोटीस, आणि कॉलर ट्यूनला गाणी जातात का. आपल्या भागात कॉलर ट्यून मेलेली नाही. कीर्तनकारापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाच्या फोनवर काही ना काही वाजतंच.

एकाच ॲपवर जीव टाकू नका. रेसो २०२४ च्या जानेवारीअखेर भारतातून गेलं, विंकही त्याच वर्षी बंद पडलं. कुणाचे हजारो ऐकणारे तिथेच राहिले.

गाणं चढवायच्या फॉर्मवर मात्र तासभर द्या. हा तासच पोरं वाचवतात. परवाचीच गोष्ट. विट्याकडचा एक मुलगा आला, म्हणाला, 'सर, माझं गाणं स्पॉटिफायवर आहे पण माझ्या नावाखाली नाही.' बघितलं तर त्याचा अभंग एका पंजाबी गायकाच्या पानावर, भांगड्याच्या दोन गाण्यांच्या मधोमध. फॉर्मवर त्याने फक्त पहिलं नाव लिहिलं होतं, आणि त्या नावाची पाच माणसं आधीच तिथे होती. वितरकाला पत्रं पाठवून ते निघायला तीन आठवडे गेले. म्हणून पूर्ण नाव घ्या, आडनावासकट किंवा गावासकट. आमच्याकडे 'कर' लावायची सोय आहेच. आधी सगळ्या ॲपवर शोधा, ते नाव कुणाचं नाही ना. आणि एकदा ठरवलं की त्याचं इंग्रजी स्पेलिंग एकच ठेवा. विठ्ठलात टी एक की दोन, एच कुठे, हे तुम्ही आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरं लिहिलं तर तुम्ही दोन माणसं होता.

भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. घाईत हिंदी राहून जातं आणि गाणं भलत्याच लोकांसमोर जातं. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात आधार कार्डावर असतं तसं खरं, पूर्ण नाव. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा बारा खुणांचा क्रमांक मिळतो, वितरकच देतो. तो वहीत लिहून ठेवा. उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा, म्हणजे जुने प्ले शून्य होत नाहीत. मुखपृष्ठ चौकोनी, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेल, त्यावर मोबाइल नंबर, फेसबुकचा पत्ता, 'सौजन्य' काही नको. जत्रेच्या फ्लेक्ससारखं केलं की परत येतं.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवून आवाजाची पातळी ठरवण्याबद्दल, एवढंच: फार मोठा करून मागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप) आसपास आणून वाजवतं. तुम्ही ठोकून मोठं केलेलं ते खाली खेचतं, आणि टाळांचा करकरीतपणा तेवढा शिल्लक राहतो.

तारखेचं गणित आधी करा. गाणं प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी वितरकाकडे गेलं पाहिजे. तेवढ्यात स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून, म्हणजे गायकांसाठीच्या त्यांच्या खात्यातून, गाण्यांच्या याद्या करणाऱ्या संपादकांकडे ते सुचवता येतं, किमान आठवडाभर आधी. अभंग आषाढीचे असतील तर पालख्या निघायच्या आधी लोकांच्या फोनमध्ये हवेत. एकादशीच्या आदल्या रात्री टाकलेलं गाणं एकादशी संपल्यावर पोचतं. दरवर्षी कुणीतरी करतंच.

पैसे कुठून येतात, आणि कुठून येत नाहीत

स्पॉटिफायला एका प्लेचा ठरलेला दर नाही. महिन्याला जमलेल्या पैशातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कदारांसाठी निघतो आणि एकूण ऐकण्यात तुमचा वाटा जेवढा तेवढा तुमचा. भारतातली वर्गणी कमी, फुकट ऐकणारे जास्त, म्हणून इथल्या एका प्लेचे पैसे खरोखर पैशांतच मोजायचे. त्यात २०२४ पासून नियम आहे: ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार प्ले नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी काहीच मिळत नाही. म्हणजे सहा गाण्यांना प्रत्येकी नऊशे प्ले मिळाले तर बेरीज पाच हजार चारशे, आणि हातात शून्य. सहाही एकदम टाकण्यापेक्षा एकेक, महिना-दीड महिन्याने टाका, आणि प्रत्येकाला ढकला. हे त्यासाठीच सांगतोय.

'एक लाख प्ले देतो, तीन हजार द्या' असे मेसेज तुम्हाला पहिल्या गाण्यानंतर आठवड्यात येतील. ते प्ले माणसांचे नसतात. सापडलं की स्पॉटिफाय वितरकाला दंड लावतं, वितरक तो तुमच्याकडून कापतो आणि गाणंही उतरवतो.

यूट्यूबचं वेगळं. स्वतःच्या चॅनलवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला हजार सदस्य लागतातच, शिवाय वर्षात चार हजार तास पाहणं किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, यांतलं एक लागतं. पण वितरकामार्फत कंटेंट आयडी, म्हणजे तुमचं गाणं दुसऱ्यांच्या व्हिडिओत ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, लावली तर इतरांनी त्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं वापरलं तरी हिस्सा येऊ शकतो. इथे एक अट आहे जी पोरांना कुणी सांगत नाही. गाण्यात कीबोर्डमधला किंवा नेटवरून घेतलेला तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, असेल तर ती लावू नका. तोच लूप आणखी हजार जणांनी वापरलेला असतो, तुमच्या नावाने त्यांच्यावर दावे जातात आणि शेवटी तुमचंच खातं अडकतं.

उलटही घडतं. माझ्याच एका गाण्यावर कुणाचा तरी दावा आला. शोधलं तर चाल नाही, शब्द नाहीत, मागचा तंबोरा जुळला होता. आम्ही तो मोबाइलच्या ॲपवरून घेतला होता. मिरजेत बसून! ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे स्टुडिओपासून पाच मिनिटांवर भोपळ्याला पॉलिश चाललेलं दिसतं, तिथे तंबोरा फोनमधून. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सतारमेकर गल्लीतून काळी एकच्या पट्टीचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या सुराचा) तंबोऱ्यांचा जोड आणला, तारांचा नाद खुलवणारी जव्हारी लावून घेतली, रात्री रहदारी थांबल्यावर दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवला. आता तोच वापरतो, त्यावर कुणाचा दावा येत नाही. दावा आलाच तर घाबरून गाणं उडवू नका. हरकत नोंदवा, समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात.

चालीचे आणि शब्दांचे पैसे निराळ्या वाटेने येतात. त्यासाठी आयपीआरएस ही १९६९ पासूनची सोसायटी आहे, २०१७ साली नव्या कायद्याखाली पुन्हा नोंदलेली. रेडिओ, टीव्ही, ऑनलाइन सेवा, जाहीर कार्यक्रम यांच्याकडून ती गोळा करते आणि गीतकार-संगीतकारांना वाटते. तुम्ही संगीतकार म्हणून आणि मित्र गीतकार म्हणून, दोघांनी वेगवेगळं सभासद व्हायचं, गाणी नोंदवायची. वितरक हे काम करत नाही. माझ्या ओळखीत पंधरा वर्षं चाली लावणारे लोक आहेत जे अजून सभासद नाहीत.

आता ज्या भागासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो तो. स्ट्रीमिंगला मी दुकानाची काच म्हणतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला माल दिसतो, विक्री आत होते. आपल्या भागात गाण्याला पैसे देणारी माणसं आहेत, फक्त ती 'ऐकायला' पैसे देत नाहीत. ती गायला देतात.

तुमच्या अभंगांचं उदाहरण घ्या. सांगली-साताऱ्यात महिला भजनी मंडळ नाही असं गाव शोधून दाखवा. त्यांना स्पर्धेत, हरिनाम सप्ताहात, डोहाळजेवणात नवी चाल हवी असते. चाल आवडली की पहिला प्रश्न: 'ट्रॅक मिळेल का?' म्हणजे आवाज काढलेलं, नुसतं संगीत. शाळेतल्या बाई स्नेहसंमेलनाच्या आधी तेच विचारतात. आमच्याकडे मी प्रत्येक गाण्याचे चार ट्रॅक करून ठेवतो: पुरुषांसाठी काळी एक आणि काळी दोन, बायकांसाठी काळी चार आणि काळी पाच. सोबत पानभर नोटेशन, पेटीवाल्यासाठी. एक ट्रॅक नव्याण्णव रुपये, नोटेशनसह दीडशे. यूपीआयने पैसे आले की लिंक जाते, पुतण्या ते सांभाळतो.

ट्रॅक करताना काळी दोनचा मशीनने खेचून काळी चार करू नका. पाच अर्धस्वरांची उडी आहे ती. पेटी चिरकते, पखवाज डब्यासारखा वाजतो. टाळ तसेच ठेवा, पेटी आणि पखवाज त्या पट्टीत पुन्हा वाजवून घ्या. एका दुपारचं काम आहे. पहिल्यांदा मी आळस केला होता. इस्लामपूरच्या एका मंडळाच्या अध्यक्षबाईंनी फोन करून सांगितलं, 'दादा, विठोबाला सर्दी झाल्यासारखं वाटतंय.' पैसे परत केले.

दीडशे रुपयांचं हसू येईल. पण एका मंडळात पंधरा बायका, प्रत्येकीची बहीण दुसऱ्या गावच्या मंडळात. दहा ट्रॅक विकले गेले तर जे येतं तेवढं आणायला स्पॉटिफायवर किती हजार प्ले लागतील ते स्वतः मांडून बघा. शिवाय गाणाऱ्याच्या तोंडी चाल बसली की तिच्या घरचे मूळ गाणं ऐकतातच, म्हणजे काचेपुढची गर्दीही वाढते.

दुसरं गिऱ्हाईक लग्नाचे व्हिडिओवाले. तुमच्या मित्राच्या दोन गाण्यांतलं एखादं हळदीचं किंवा पाठवणीचं असेल तर त्यांना वापराचा परवाना द्या, वर्षाचा, लेखी. सिनेमाचं गाणं लावलं की त्यांच्या व्हिडिओवर दावा येतो, तुमचं लावलं तर येत नाही, यालाच ते पैसे देतात. फक्त त्यांचं चॅनल कंटेंट आयडीच्या मोकळ्या यादीत घालून घ्यायला विसरू नका, नाहीतर तुमचाच दावा त्यांच्यावर जाईल आणि शिव्या तुम्हाला. साखर कारखान्याची जाहिरात, पतसंस्थेची माहितीफीत, गणपती मंडळाचं गीत हेही त्याच जातीचं काम. दर वेळी वापर विकायचा, गाणं नाही.

परदेशातल्या मराठी लोकांसाठी बँडकॅम्प ही गाणी विकायची वेबसाइट ठेवा. तिथे फाइल विकत घेतात, बँडकॅम्प डिजिटल विक्रीचे १५ टक्के कापतं, आणि भाव तुम्ही ठरवता. कौतुकाने जास्त देणारेही असतात. पैसे पेपालमार्फत येतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं बंद केलंय, म्हणून इथल्या गिऱ्हाइकाला ते दुकान दाखवू नका. त्याला यूपीआय.

कराचं थोडक्यात: वितरक, यूट्यूब, बँक, पॅन या सगळीकडे नाव अक्षर न अक्षर एक हवं. यूट्यूबच्या खात्यात अमेरिकेचा डब्ल्यू-८ बीईएन फॉर्म भरा. भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर १५ टक्के कापतात, न भरला तर सगळ्याच कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जातात. पुढचं गावातल्या सीएला विचारा, तो द्राक्षाचे हिशेब करतोच.

कंपनीला काय सांगायचं

कंपनी म्हणजे चोर, असं मी म्हणत नाही. त्यांच्या चॅनलवर प्रेक्षक आहेत, तुमच्याकडे अजून नाहीत. त्या गर्दीला किंमत आहे. म्हणून नाही म्हणू नका, सौदा बदला. सहापैकी एकच गाणं द्या, मित्राच्या दोनपैकी एक, त्याची सही घेऊन. विक्री नव्हे, परवाना. मुदत तीन वर्षं, त्यानंतर गाणं आपोआप परत. माध्यमं नावानिशी लिहायची: त्यांचं यूट्यूब चॅनल आणि स्ट्रीमिंग ॲप. ट्रॅक विकण्याचा, प्रत्यक्ष कार्यक्रमात गाण्याचा, लग्नाच्या व्हिडिओंना द्यायचा हक्क तुमच्याकडेच. आगाऊ रक्कम पाच हजार आली तरी चालेल, पण त्यापुढे उत्पन्नात टक्का आणि सहा महिन्यांनी लेखी हिशेब. चॅनलवर गाण्याखाली तुमच्या स्वतःच्या चॅनलची लिंक. ही शेवटची मागणी त्यांना किरकोळ वाटते आणि ते चटकन मान्य करतात. तुमच्या दृष्टीने आगाऊ रकमेपेक्षा तीच मोठी.

ते म्हणतील, 'सगळे असंच सही करतात.' म्हणू द्या. दोन दिवसांनी फोन येतो का बघा. आला तर गाण्यात त्यांना काहीतरी दिसलंय. नाही आला तर पाच अभंग-गाण्यांत सहावं मिळवा आणि आषाढीचा हिशेब उलटा मांडायला घ्या.

कंपनीचा कागद फोटो काढून पाठवू नका, अर्धी पानं सुटतात. प्रत घेऊन मिरजेला या, सोमवार सोडून कधीही, दुपारी चारनंतर. मित्राला सोबत आणा. आणि येताना सहा गाण्यांचे सुटे ट्रॅक असलेली हार्ड डिस्क आणा. काळी चारमध्ये पहिला अभंग कसा वाटतो ते पेटीवर बसून बघू.